मिठाची कोठी आणि सुपारीची कोठी : जुन्या पेढीतल्या हॉटेलात एका कुटुंबाचा मुक्काम

हे प्रकरण दक्षिण कोकणातल्या एका बंदराच्या शहरातलं आहे. शहराचं आणि हॉटेलचं नाव मुद्दाम देत नाही. बाजारपेठ इतकी लहान आहे की नाव सांगितलं तर इमारत कोणती हे कुणीही सांगेल. माणसांची ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या व्यापारी इमारतींची आता कुठे कुठे हॉटेलं होऊ लागली आहेत. ती टिकावीत, आणि त्यांत म्हाताऱ्या माणसांनाही सुखानं राहता यावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

कुटुंब पुण्याचं. आजी ७८ वर्षांच्या, बरोबर मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, गणपतीला अजून अवकाश होता. आजींना माहेरचं गाव एकदा डोळे भरून पाहायचं होतं. माहेरचं घर कधीच विकलं गेलं होतं. पण त्यांचे वडील ज्या पेढीवर दिवाणजी होते तिचं हॉटेल झाल्याचं नातवाला फोनवर दिसलं, आणि आजींनी ठरवून टाकलं की राहायचं तर तिथंच.

आजींचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. काठी घेऊन सपाटीवर चालतात, जिना टाळतात. शिवाय जुना दमा आहे, पावसाळ्यात तो उचल खातो. म्हणून मुलानं हॉटेलला फोन करून तीन गोष्टी विचारल्या. खाली खोली आहे का? कमोड आहे का? पायऱ्या किती? उत्तरं मिळाली : आहे, आहे, दोनच. तिन्ही उत्तरं अगदी खरी होती. चार रात्रींसाठी तळमजल्यावरची खोली आणि वरची एक खोली ठरली. मी या भागात पाहुण्यांच्या फिरण्याची व्यवस्था बघतो. गाडी, देवळं, खाडीतली होडी हे माझ्याकडे होतं. मुक्काम मुलानं थेट हॉटेलशी बोलून पक्का केला होता.

इमारत

पुढचं सगळं इमारतीवर अवलंबून आहे, तेव्हा तिच्याविषयी थोडं सावकाश सांगतो.

वेंगुर्ल्याला डचांची वखार सतराव्या शतकातली. राजापूरची इंग्रजांची वखार शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये लुटली. ही नावं शाळेच्या पुस्तकात भेटतात. पण किनाऱ्यावरचा रोजचा व्यापार चालायचा तो बाजारातल्या छोट्या पेढ्यांवर. खाली माल, वर गादी. घाटावरून बैलगाड्यांनी गूळ, तंबाखू, धान्य उतरायचं. इथून नारळ, सुपारी, मीठ, सुकी मासळी वर चढायची. १८८० च्या दशकात मुरगाव बंदराला रेल्वे मिळाली आणि घाटावरचा बराच माल तिकडे वळला. तरी गावोगावचा व्यापार पुढे कित्येक वर्षं तगून राहिला. ही पेढी त्याच उत्तरकाळातली असावी. तिच्या कौलांवर मंगळूरच्या कारखान्याचा छाप आहे. बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना काढला १८६५ मध्ये. तिथून पुढे ही खाचेची चपटी कौलं गलबतांतून किनाऱ्यानं वर वर येत गेली आणि आपल्या नळ्यांच्या छपरांची जागा त्यांनी घेतली.

भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, हातभराहून जाड, चुन्यात बांधलेल्या. खांब आणि तुळया फणसाच्या नि सागाच्या. दर्शनी बाजूला दुकानाच्या उभ्या फळ्या, एकेक काढून भिंतीला टेकवायच्या. आत चौक, चौकाच्या डाव्या-उजव्या हाताला एकेक कोठी. वर पूर्ण लांबीची माडी. तिथं गादी घातलेली असे, उतरत्या मेजांवर जमाखर्च लिहिला जाई. जिना अंधारा, उभा आणि अरुंद. जिना अरुंद ठेवला की मालाला तेवढी जागा जास्त मिळते. वर रोकड असल्यामुळे जिन्याच्या तोंडावर झडप होती, ती रात्री लावून घेत. आणखी एक गोष्ट : शहर टेकडीच्या उतारावर आहे. पुढचा रस्ता खाली, मागची पाणंद जवळजवळ माडीच्या उंचीला.

आताचे मालक पेढीच्या मूळ घराण्यातले नव्हेत. इमारत बरीच वर्षं बंद पडलेली असताना त्यांनी घेतली. वासे कुजलेले, भिंतीत पिंपळ उगवलेला. ती पाडून तीन मजली लॉज बांधणं त्यांना सहज शक्य होतं, आणि त्यात पैसाही जास्त होता. त्यांनी तसं केलं नाही. छप्पर उतरवून नवे वासे घातले, जुनी कौलं धुऊन परत चढवली, कुजलेल्या तुळयांची फक्त टोकं बदलली. पुढच्या फळ्या आजही रोज सकाळी हातानं काढल्या जातात. हे काम निष्ठेनं झालेलं आहे, आणि पुढे जे लिहितो ते वाचताना ही गोष्ट विसरू नये.

खाली पुढच्या भागात स्वागतकक्ष आणि जेवणाची जागा आली. माडीचे चार भाग करून चार खोल्या झाल्या. डाव्या कोठीत पाचवी खोली केली, खास जिना न चढणाऱ्यांसाठी. उजवी कोठी चादरी, गाद्या, जास्तीच्या खुर्च्या ठेवायला राहिली.

अडचण

दुपारी कुटुंब पोचलं. आजी उंबऱ्याशी थांबून खांबांना हात लावत होत्या. खोली झकपक होती, भिंती पांढऱ्याशुभ्र, नवा एसी. संध्याकाळी जोराची सर आली आणि रात्रभर पडत राहिली. पहाटे सुनेनं पाहिलं तर पलंगामागची भिंत कमरेपर्यंत चमकत होती. बोट लावलं तर ओलं. रंगाला फुगे आलेले, त्यातले काही फुटून खाली पांढरा भुगा पडलेला. चादर दमट, उशी दमट. आजींना पहाटेपासून खोकला लागलेला, फवारा दोनदा घ्यावा लागला.

मुलाला वाटलं, छप्पर गळतंय. पण या खोलीवर माडी आहे, माडीवर छप्पर आहे, आणि माडी कोरडी ठणठणीत होती. मालकांना वाटलं, जमिनीतून ओल चढते आहे. त्यांनी याआधी दोन पावसाळे त्या भिंतीला दरवेळी नवा रंग काढला होता; शेवटच्या वेळी तर चुन्याचा जुना गिलावा खरवडून सिमेंटचा केला आणि वर प्लास्टिक पेंट दिला. पावसाळा आला की परत तेच.

मला सकाळी फोन आला तो दुसरीकडे सोय होईल का हे विचारायला. मी तिथं गेलो तेव्हा आजी चौकात खुर्चीवर बसून चहा घेत होत्या. त्यांच्या तोंडून जे वाक्य आलं त्यानं सगळं प्रकरणच वेगळ्या वाटेला लागलं. त्या मुलाला म्हणाल्या, “अरे, मला मिठाच्या कोठीत का निजवलंत?”

मालक जवळच उभे होते. त्यांना कोणत्या कोठीत काय असायचं याची कल्पना नव्हती. त्यांनी घेतली तेव्हा दोन्ही कोठ्या रिकाम्या आणि सारख्याच काळोख्या होत्या. आजींनी सांगितलं ते असं : डावीकडची मिठाची, उजवीकडची सुपारीची. मीठ शिरोड्याच्या मिठागरांतून गाड्या भरून यायचं. (१९३० चा मिठाचा सत्याग्रह जिथं झाला तेच शिरोडं.) लहानपणी डाव्या कोठीच्या भिंतीला जीभ लावून बघायची पैज लागायची, इतकी ती खारट.

बाजारातले एक जुने हमाल आहेत, ऐंशीच्या घरातले. खात्रीसाठी त्यांना विचारून आलो. ते म्हणाले, “थंय मीठ असायचा. ती भिंत कधी सुकाचीच नाय.”

कारण सरळ आहे. जांभा सच्छिद्र दगड. कित्येक वर्षं ओल्या मिठाची रास त्याला टेकून राहिली, तेव्हा खारं पाणी भिंतीत खोलवर मुरलं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळू लागतं. मिठागरातल्या कच्च्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते तर त्याहून कोरड्या हवेतही पाणी धरतात. कोकणात पावसाळाभर हवा त्या मर्यादेच्या वरच असते. म्हणजे वरून एक थेंब गळला नाही, खालून ओल आली नाही, तरी ही भिंत पाझरणार. उन्हाळ्यात हेच मीठ सुकून त्याचे खडे होतात, खडे फुगतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. आपण त्याला लोणा लागला म्हणतो. त्यावर सिमेंट आणि प्लास्टिक पेंट म्हणजे भिंतीचं नाकतोंड दाबणं. चुन्याचा गिलावा निदान थोडं थोडं बाहेर सोडत होता.

इथं एक गोष्ट मनात येते. सिंगापूरचं फुलर्टन हॉटेल १९२८ च्या मुख्य टपाल कचेरीच्या इमारतीत आहे. लंडनमधलं द नेड एडविन लटियन्स यांनी बांधलेल्या मिडलंड बँकेच्या मुख्यालयात २०१७ मध्ये सुरू झालं. अशा हॉटेलांचे फोटो बघून आपल्याकडेही हौस येते, आणि यावी. पण टपाल आणि नोटा भिंतीत काही सोडून जात नाहीत. मीठ, सुकी मासळी, गूळ, तेल सोडून जातात. आपल्या पेढ्यांचा वारसा फक्त दर्शनी खांबांत नसतो, तो भिंतींच्या पोटातही असतो, आणि पाहुणा त्याच भिंतीला उशी टेकवून झोपतो.

समोर असलेले पर्याय

सकाळी साडेनऊला चौकात बसून सगळ्यांनी मिळून विचार केला. बोलणं बऱ्यापैकी तापलेलंही होतं. मुलगा चिडलेला, मालक ओशाळलेले.

पहिला पर्याय शहराबाहेरच्या समुद्रकाठच्या रिसॉर्टचा. सगळं जमिनीलगत, बाथरूममध्ये धरायला दांडे, ओल नाही. खोली त्या दिवशी मिळत होती. प्रकृतीचा विचार केला तर हाच सगळ्यात बिनधोक, आणि मुलाचा कल तिकडेच होता. आजी म्हणाल्या, “समुद्र मला कुठूनही दिसेल रे. ही पेढी मला परत कोण दाखवणार?”

दुसरा, एसटी स्टँडजवळच्या लिफ्ट असलेल्या लॉजमध्ये झोपायचं आणि दिवसा पेढीत येऊन बसायचं. व्यवहारी होता. पण दुपारी आडवं व्हायला जागा हवी, दिवसातून दोनदा गाडीत चढणं-उतरणं आलं, त्यात पाऊस.

तिसरा, वरची खोली. कोरडी, हवेशीर, सगळ्यात देखणी. मधे तो जिना. पायरीची उंची वीतभराहून जास्त, एकाच बाजूला दोर. रात्री काही झालं तर खाली आणणं मुश्कील. नातू म्हणाला, खुर्चीत बसवून आपण दोघं उचलून नेऊ. आजींनी आणि मालकांनी एकदमच नाही म्हटलं. त्या जिन्यावर माणूस उचलून नेणं म्हणजे तिघांच्याही जिवाशी खेळ होता.

चौथा, आहे त्याच खोलीत हवेतली ओल शोषणारं यंत्र लावायचं. मालकांनी कोल्हापूरहून मागवायची तयारी दाखवली. त्यानं हवा कोरडी झाली असती, पण भिंत वेगानं सुकून आणखी मीठ पृष्ठभागावर आलं असतं, आणि दमा असलेल्या माणसाच्या डोक्याशी तो भुगा पडत राहिला असता. रात्रभर यंत्राचा आवाज वेगळाच. शिवाय आजींना त्या खोलीची धास्ती बसली होती.

पाचवा पर्याय आजींच्या बोलण्यातून निघाला : सुपारीची कोठी.

आम्ही ती उघडून पाहिली. सुपारीला दमट हवा लागली की बुरशी येते, माल फुकट जातो. त्यामुळे बांधणाऱ्यानं ही कोठी कोरडी राहावी म्हणूनच बांधली होती. जमीन फळ्यांची, ओंडक्यांवर उचलून घेतलेली, खालून वारा खेळता. भिंतीत पायापाशी आणि वर वाशांखाली जाळीचे झरोके समोरासमोर. जुना चुन्याचा गिलावा जागच्या जागी, हात फिरवला तर कोरडा खडखडीत. रात्रभर पाऊस पडूनही आत ठेवलेल्या चादरींना वास नव्हता. मालक एवढी वर्षं चादरी तिथं ठेवत होते ते चादरी तिथं चांगल्या राहतात म्हणून. माणूसही तिथं चांगला राहील हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण खोली दिसायला साधी होती आणि नळ-संडास तिथून लांब.

निर्णय आणि कृती

पाचवा पर्याय ठरला, पण तीन अटींवर. त्या सुनेनं घातल्या, आणि या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा भाग मला तोच वाटतो.

पहिली अट दाराची. कोठीचं दार मालासाठी असतं. कडी-कुलूप बाहेरून, आतून काही नाही. सून म्हणाली, रात्री कुणी सवयीनं बाहेरून कडी घातली तर? सुतार बोलावून बाहेरची कडी काढूनच टाकली आणि आतून साधी खिटी बसवली. मागच्या पडवीत उघडणारं दुसरं दार गंजलेल्या बोल्टनं बंद होतं; तेल घालून ते मोकळं केलं, म्हणजे आग लागली किंवा काही झालं तर बाहेर पडायला दोन वाटा.

दुसरी अट विजेची. कोठीत एकच दिवा होता, वायर जुनी. वायरमननं ती बदलली, दिव्याचं बटण पलंगाच्या हाताशी आणलं. एसी नको, टेबलफॅन पुरे, असं आजींनीच सांगितलं.

तिसरी अट न्हाणीघराची, आणि ती नीट सुटली नाही. मागच्या पडवीतून वीसेक पावलांवर मालकांच्या घरचं न्हाणीघर होतं. पडवीवर छप्पर असल्यामुळे भिजायचं नव्हतं, पण जमीन गुळगुळीत शहाबादीची. तिच्यावर काथ्याच्या पायपुसण्यांची ओळ अंथरली. रात्रीसाठी औषधाच्या दुकानातून कमोडची खुर्ची भाड्यानं आणली. मालकांच्या आई म्हणाल्या, “आमच्याकडे कसला संकोच, मीही गुडघेवालीच.” दोघी म्हाताऱ्या पुढे रोज दुपारी पडवीत बसून असायच्या.

दुपारी दोनपर्यंत कोठी रिकामी करून, झाडून, पुसून पलंग लागला. भाड्याचा प्रश्न मालकांनी स्वतःच काढला : या खोलीचे पैसे नकोत. मुलाला ते पटलं नाही. शेवटी निम्म्या दरावर दोघं राजी झाले.

दुसरा पेच : माडी

निजायची सोय झाली तरी आजींना माडी बघायची होतीच. वडील जिथं बसत ती जागा वर होती.

त्यांनी सहज विचारलं, “मागचं दार उघडत नाही का?” लहानपणी वडिलांचा डबा घेऊन त्या पाणंदीनं यायच्या आणि मागच्या दारानं सरळ माडीवर शिरायच्या, एक उंबरा ओलांडून. पेढीवरची वयस्क मंडळी, घरातल्या बायका, मुलं सगळी तिकडूनच. पुढचा जिना कारकुनांचा आणि हमालांचा.

मालक त्यांच्याकडे बघतच राहिले. ते दार त्यांनी घेतलं तेव्हा फळ्या ठोकून बंद होतं. वरच्या एका खोलीला स्वतंत्र न्हाणीघर हवं होतं, भिंतीला लागून नळ आणणं सोपं होतं, म्हणून दाराची जागा चिऱ्यांनी भरून तिथं न्हाणीघर केलं. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना एकही पायरी न चढता माडीवर नेणारी वाट या इमारतीत पहिल्यापासून होती. दुरुस्तीत नेमकी तीच बुजली, आणि तिच्या बदल्यात खाली मिठाच्या कोठीत खोली करावी लागली. कुणाचा हेतू वाईट नव्हता. विचारायला कुणी उरलेलं आहे असं कुणाला वाटलं नाही, एवढंच.

आता काय करायचं? मुलाचं म्हणणं, वरचे फोटो काढून आणू, व्हिडिओ कॉलवर दाखवू. आजींनी पुण्यातल्या आपल्या फिजिओथेरपिस्ट बाईंना फोन लावायला सांगितला. बाईंनी जिन्याची माहिती नीट विचारून घेतली. चालत चढायचं असेल तर चढताना बरा पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी हा नेहमीचा नियम. पण दोन्ही गुडघे सारखेच असतील आणि पायरी इतकी उंच असेल तर उभ्यानं नको, असं त्या म्हणाल्या. बसून, पाठमोरं, एकेक पायरी हातांच्या जोरावर वर सरकायचं, तेही दम लागला नसेल तरच. खाली येताना तसंच, पण तोंड पुढे करून.

दोन दिवस वाट पाहिली. कोरड्या कोठीत झोप लागली, खोकला ओसरला, फवाऱ्याची गरज रोजच्याइतकी उरली. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, बाकीचे पाहुणे बाहेर पडल्यावर, मालकांनी जिना अर्धा तास बंद ठेवला. पायऱ्या कोरड्या पुसल्या, दुसऱ्या बाजूनं आणखी एक जाड दोर बांधला. सून वरच्या पायरीवर, नातू खालच्या. आजी बसून सरकत गेल्या, मधे दोनदा थांबल्या. वर पोचल्यावर झोपाळ्यावर बसल्या आणि दोनेक तास बोलत होत्या : गादी कुठं होती, पाणी प्यायचा माठ कुठं, दसऱ्याला वह्यांची पूजा कशी मांडायचे. मालकांनी कागद-पेन्सिल आणून माडीचा नकाशा काढायला घेतला आणि त्या सांगतील तसं भरत गेले. हे काम त्यांच्या वास्तुविशारदानं दुरुस्तीच्या आधी करायला हवं होतं असं मी तिथंच म्हटलं, आणि त्यांनीही ते मान्य केलं.

परिणाम

मुक्काम चार रात्रींचाच झाला, अर्धवट सोडावा लागला नाही. आजींना जे बघायचं होतं ते बघून झालं. पण सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. पहिल्या रात्रीचा त्रास खरा होता. दमा आणखी वाढला असता तर रात्री दवाखाना गाठावा लागला असता. कमोडची खुर्ची रोज कुणीतरी साफ करायची, ते काम सुनेवर आलं. वरून खाली येताना शेवटच्या पायऱ्यांवर आजींचे हात थरथरत होते आणि दुसरा सगळा दिवस त्या खांदे दुखतात म्हणून पडून होत्या. होडीचा बेत त्यामुळे सोडावा लागला. बाजारातला पहाटेचा हातगाड्यांचा आणि मासळीवाल्यांचा गलका नातवाला शेवटपर्यंत सोसला नाही. आजींना त्याच्यामुळेच जाग येत होती आणि ती त्यांना हवीच होती.

मालकांनी मिठाची कोठी पाहुण्यांना देणं त्याच आठवड्यात बंद केलं. दिवाळीनंतर सिमेंटचा गिलावा उतरवला. भिंतीतलं मीठ काढायला माती, वाळू आणि कागदाच्या लगद्याचा ओला लेप देतात. तो सुकताना खारं पाणी आपल्याकडे ओढून घेतो, मग खरवडून टाकायचा आणि पुन्हा नवा द्यायचा. पहिल्या लेपावर पांढरा थर आला तो बघून गवंडीही चकित झाला. असे बरेच लेप लागतील, आणि नंतर चुन्याचाच गिलावा, तोही काही वर्षांनी उतरवून बदलायचा असं धरूनच. तरीही तिथं झोपायची खोली करायची नाही असं त्यांनी ठरवलं आहे. सायकली आणि छत्र्या ठेवतात.

काय वेगळं करता आलं असतं

फोनवरचे तीन प्रश्न बरोबर होते, पण ते कुठल्याही हॉटेलला विचारण्यासारखे होते. व्यापारी इमारतीला विचारायचे प्रश्न वेगळे : ही खोली आधी काय होती? इथं कोणता माल असायचा? गेल्या पावसाळ्यात या भिंतीला रंग काढावा लागला का? शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं असतं तर पहिली रात्र टळली असती. पावसाळ्यातला मुक्काम असेल तर भिंतीचा ताजा फोटो मागावा. उन्हाळ्यातल्या फोटोत अशी भिंत निर्दोष दिसते.

मालकांच्या बाजूनं पाहिलं तर दोन पावसाळे रंगावर आणि सिमेंटवर जो खर्च झाला, त्याआधी बाजारात अर्धा दिवस बसून जुन्या माणसांशी बोलायला हवं होतं. ते हमाल रोज समोरच्या हॉटेलात चहाला येतात. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा इमारतींत सुगम वाट असावी म्हणतो, तेव्हा वास्तुविशारद उताराचा आणि लिफ्टचा विचार करतो. जुन्या इमारतीत त्याआधी बघायचं ते हे, की तिथली म्हातारी माणसं पूर्वी कुठून ये-जा करत.

माझं स्वतःचं मत एका बाबतीत कुटुंबापेक्षा वेगळं आहे. आजींना जिन्यानं वर नेण्यापेक्षा मी माडीवरच्या, मागच्या दाराच्या जागी केलेल्या न्हाणीघराची खिडकी काढून तेवढ्यापुरती वाट करता येते का हे आधी तपासलं असतं. मालक तयार होते. पण त्याला दोन-तीन दिवस लागले असते, त्या खोलीतले पाहुणे हलवावे लागले असते, आणि आजींना थांबायचं नव्हतं. निर्णय त्यांचा होता आणि तो त्यांनी विचारपूर्वक घेतला, हे मला मान्य आहे.

सध्याची स्थिती अशी. न्हाणीघर पलीकडच्या भिंतीला नेऊन मागचं दार परत उघडायचा आराखडा झाला आहे. पाणंदीकडून एक उंबरा राहील, त्याला लाकडी उतार बसेल. नळाचं काम महाग पडतं आहे आणि त्यासाठी वरची एक खोली दीड-दोन महिने बंद ठेवावी लागेल, म्हणून ते पावसाळा आणि पर्यटनाचा हंगाम यांच्या मधल्या दिवसांत धरलं आहे. सुपारीच्या कोठीला लागून पडवीत छोटं न्हाणीघर मात्र बांधून झालं. धरायला दांडे आहेत, जमीन खडबडीत आहे. गुडघे किंवा दमा असलेले पाहुणे असतील तर मी आता तीच खोली मागून घेतो.